आजोबांची भूमिका

सेवानिवृत्त माणसापाशी वेळच वेळ असतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. आमच्या नातलगांमध्ये तो अंमळ अधिकच दृढ आहे. बँकेत खेप घालणे, नातवाला शाळेच्या बसपर्यंत पोहोचविणे, कुणाच्या मुंजीच्या पत्रिकेतील ऱ्हस्व-दीर्घ तपासून देणे अशी कामे आमच्याकडे आपोआप चालत येतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या भाचीचा दूरध्वनी आला, तेव्हा असेच काहीतरी असेल असे आम्ही धरून चाललो. भाची येथेच, इंदुरात, बालरोगतज्ज्ञ आहे. ती म्हणाली, "मामा, तुम्ही पूर्वी गणपतीत नाटकांतून कामं करायचात ना? मला एका दिवसापुरते आजोबा हवे आहेत."

प्रकार असा होता. ज्या मुलांचा आजार बरा होण्याच्या पलीकडे गेला आहे, किंवा ज्यांना असे दुखणे जडले आहे की आयुष्य मोजकेच असणार, त्यांची शुश्रूषा कशी करावी याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण परिचारिका आणि तरुण डॉक्टरांसाठी ठेवले होते. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणार्थींना एका लटक्या कुटुंबाशी खरेखुरे बोलणे करावयाचे होते. आई-वडिलांच्या भूमिकांसाठी दोघे समाजसेवक मिळाले होते. हट्टी आजोबा मिळत नव्हते. "संवाद पाठ करायचे नाहीत," भाची म्हणाली, "फक्त एवढंच धरून बसायचं, की मुलाला काही सांगायचं नाही. सात वर्षांचा नातू आहे. रक्ताचा कर्करोग. उपचार करूनही दोनदा उलटलेला."

आम्ही काही वेळ बोललो नाही. फोन बंद पडला असे वाटून ती दोन-तीनदा "हॅलो" म्हणाली. मग आम्ही होकार दिला.

आमचा नाट्यानुभव सांगण्यासारखा नाही. रामबागेतील उत्सवात आमच्या वाट्याला बहुधा दिवाणजी येत, नाही तर तिसऱ्या अंकात बॅग घेऊन प्रवेश करणारे आणि 'आता सारे परमेश्वराच्या हाती' असे म्हणून निघून जाणारे डॉक्टर. त्या डॉक्टरांना कोणी काही विचारीत नसे आणि तेही कोणाला काही विचारीत नसत. प्रेक्षकांनाही त्यात काही वावगे वाटत नसे, कारण घरोघरी डॉक्टर तसेच येत आणि तसेच जात.

भूमिका दुसऱ्या दिवशीची असली, तरी आम्ही पहिल्याच दिवशी जाऊन मागच्या रांगेत बसलो. राज्य शासनाच्या सेवेत आम्ही पुष्कळ प्रशिक्षणे केली. त्यांपैकी बहुतेकांचे विषय आज आठवत नाहीत. काही ठिकाणचे जेवण मात्र आठवते. त्यामुळे फार अपेक्षा नव्हती. समोर तीसेक मंडळी होती. निम्म्याहून अधिक परिचारिका, बाकी निवासी डॉक्टर, दोन फिजिओथेरपिस्ट, काही समाजसेवक. मुंबईहून आलेल्या प्रशिक्षिका हिंदीतून बोलत होत्या आणि दर दोन वाक्यांनी इंग्रजीत शिरत होत्या. ते आम्हांला प्रथम खटकले. पुढे त्यांनीच एका निवासी डॉक्टरला अडविले, "हे वाक्य झाबुआहून आलेल्या आईला सांगून दाखवा," आणि तो बिचारा चार शब्दांत गडबडला, तेव्हा त्यांनाही हे दुखणे ठाऊक आहे असे दिसले.

या विद्येला इंग्रजीत पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत उपशामक उपचार, शासकीय हिंदीत प्रशामक देखभाल. दोन्ही शब्दांना कचेरीचा वास येतो. मूळ लॅटिन 'पॅलियम' म्हणजे अंगावर घ्यावयाचे वस्त्र. आम्हांला वाटले, सरळ पांघरूण म्हणावे. आमची दुसरी गैरसमजूत अशी होती, की हे काम शेवटच्या आठ-पंधरा दिवसांचे. तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार मुलांच्या बाबतीत ते निदान झाले त्या दिवसापासून सुरू व्हावयाचे आणि मूळ रोगावरचे उपचार चालू असले तरी त्यांच्याबरोबर चालावयाचे. ब्रिटनमध्ये १९९७ मध्ये अशा मुलांचे चार गट पाडले गेले. ते अजूनही शिकविले जातात. एक, ज्यांच्यावर इलाज आहे पण तो फसू शकतो, जसा कर्करोग. दुसरा, ज्यांत अकाली मृत्यू अटळ, पण उपचारांनी पुष्कळ वर्षे बरी जातात. हातापायांतील बळ हळूहळू घालविणारा ड्युशेनचा स्नायुविकार त्यांत येतो. तिसऱ्यात मूल दिवसेंदिवस खालावतच जाते आणि मूळ रोगावर औषध नसते. चौथ्यात रोग वाढत नाही, पण मेंदूला झालेली इजा इतकी गंभीर असते की साधा खोकलाही जिवावर बेतावा. यांतील कितीतरी मुले आपल्या आळीत, आपल्या नात्यात आपण पाहिलेली असतात. 'अमक्याकडे एक अधू मुलगा होता' एवढ्या वाक्यात त्यांची गोष्ट संपते.

अशा मुलांसाठी जगातले पहिले घर, 'हेलन हाउस', ऑक्सफर्ड येथे १९८२ मध्ये सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांनी उघडले. हेलन नावाच्या अत्यवस्थ मुलीला तिचे आईवडील घरीच सांभाळीत होते. त्यांना थोडी उसंत मिळावी म्हणून या बाईंनी मधूनमधून तिला आपल्याकडे ठेवून घेतले, त्यातून ते घर उभे राहिले. आपल्या देशात या विषयाची पदव्युत्तर पदवी २०१० मध्ये मान्य झाली आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१२ मध्ये तिचे शिक्षण सुरू झाले. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी बोलण्याचे रीतसर शिक्षण २०१९ पासून आले. तोवरचे डॉक्टर हे काम शिकले असतील तर आपापल्या स्वभावाने, किंवा एखाद्या जुन्या सिस्टरकडे पाहून.

दुपारी वेदनेचा विषय निघाला आणि आमचे इंदूर अनपेक्षितपणे पुढे आले. अगदी तान्ह्या मुलांना वेदना जाणवत नाहीत, निदान मोठ्यांसारख्या नाहीत, अशी समजूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही डॉक्टरांमध्ये होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर शस्त्रक्रिया करताना अगदी जुजबी भूल दिली जात असे. ही समजूत ज्यांच्या संशोधनाने मोडली, ते कंवलजीत सिंग आनंद आमच्या येथील महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला गेले. शस्त्रक्रियेच्या वेळी वेदनाशामक मिळालेली आणि न मिळालेली बाळे यांची त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तुलना केली. न मिळालेल्या बाळांच्या रक्तातील ताणाची द्रव्ये कितीतरी वाढत आणि त्यांची प्रकृतीही अधिक बिघडे. १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झाले. इंदूरकर मंडळी पोह्यांचा अभिमान बाळगतात, स्वच्छतेच्या क्रमांकाचा बाळगतात. हे नाव आम्हांला मात्र त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते.

मग पडद्यावर एका दोन वर्षांच्या मुलाची चित्रफीत दाखविली आणि सर्वांना गुण द्यावयास सांगितले. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत घातल्यावर शांत होणे, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन, एकंदर दहा. बोलता न येणाऱ्या मुलांची वेदना अशी मोजतात. तीस जणांचे तीस आकडे आले. कुणाचा तीन, कुणाचा आठ. दुसरी चित्रफीत एका मोठ्या मुलीची होती. ती हलत नव्हती, रडत नव्हती, छताकडे पाहत होती. बहुतेकांनी एक किंवा शून्य दिला. प्रशिक्षिका म्हणाल्या, फार दिवस दुखत राहिलेले मूल असेच दिसते. हलले की दुखते, म्हणून हलत नाही, आणि रडून काही होत नाही हे कळले, म्हणून रडत नाही. मोठ्या मुलांसाठी हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहऱ्यांचा तक्ता असतो. त्यातून मुलाने आपला चेहरा दाखवावयाचा. यावर झाबुआकडची एक तरुण परिचारिका उठली आणि म्हणाली, की तिच्या वॉर्डातली मुले नेहमी हसराच चेहरा दाखवितात. त्यांना वाटते, यातला कोणता आवडतो असे विचारले आहे. सगळे हसले. प्रशिक्षिका हसल्या नाहीत. त्यांनी तिला पुढे बोलावून, तू मग काय करतेस, असे विचारले. ती म्हणाली, "मैं पहले आई को पूछती हूँ, रात को सोया क्या." आम्ही तिचे वाक्य तिच्याच शब्दांत ठेवले आहे. झाबुआ-अलीराजपूरकडे आईला 'आई'च म्हणतात की आमच्यासारख्या वॉर्डातल्या मराठी कुटुंबांकडून तिने तो शब्द उचलला होता, ते विचारावयाचे राहून गेले.

वेदनेपाठोपाठ मॉर्फिन आले, आणि येथे आम्ही खुर्चीत थोडे सावरून बसलो. वाचकांपैकी ज्यांची कुटुंबे शिंदेशाहीत मंदसौर-नीमचकडे होती, त्यांना अफूची शेते सांगावयास नकोत. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोंडांना चिरा देऊन चीक गोळा करतात. नीमचला शासकीय कारखाना आहे, या साऱ्यावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय कार्यालयाचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. मॉर्फिन होते ते या चिकातून. आणि त्याच माळव्यातील मुलांना ते दुर्मीळ. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गुन्हेगारांना किती वचक बसला कोण जाणे. रुग्णालयांना मात्र पुरेपूर बसला. औषध ठेवण्यासाठी, आणण्यासाठी, नेण्यासाठी निरनिराळे परवाने लागत, आणि ते सारे एकाच वेळी मुदतीत असावे लागत. त्या कटकटीपायी पुष्कळ रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले.

असा एक अर्ज आमच्या टेबलावर आला होता. आम्ही परवान्यांचे काम असलेल्या एका कार्यालयात होतो, साल १९९६. रुग्णालयाला दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या ठेवावयाच्या होत्या. आम्ही त्रुटी काढल्या. साठा ठेवण्याच्या खोलीचा नकाशा जोडला नव्हता. तो आला, तर त्यावर साक्षांकन नव्हते. तेही आले, तोवर जुने शपथपत्र मुदतबाह्य झाले होते. अर्ज तीनदा परत गेला. आम्ही लाच मागितली नाही, दिरंगाई केली असेही कोणी म्हणू शकले नसते. प्रत्येक टिपणी मुदतीत होती, आणि आमच्या त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात 'दक्ष अधिकारी' असा शेरा आहे. पुढे बदली झाली. अर्जाचे काय झाले ते आम्ही विचारले नाही. गोळ्या कोणासाठी हव्या आहेत, हा रकाना त्या नमुन्यात नव्हता. पण तोंडाने विचारावयास कोणाची मनाई होती असेही नाही.

२०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिनसह सहा औषधे 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना अनेक परवान्यांऐवजी एकाच अधिकाऱ्याची मान्यता पुरेशी झाली. ती व्हावी म्हणून केरळचे डॉ. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे सचिवालयांच्या पायऱ्या झिजविल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्येच सांगितले होते, की मुलाची वेदना मध्यम किंवा तीव्र असेल तर कोडीनच्या पायरीवर रेंगाळू नये, सरळ मॉर्फिन द्यावे. तोंडाने द्यावे, आणि दुखू लागण्याची वाट न पाहता घड्याळाच्या काट्यावर द्यावे. वर्गातील निम्म्या परिचारिकांनी विचारले, सवय लागणार नाही का? उत्तर शांतपणे मिळाले, की वेदनेसाठी योग्य मात्रेत दिलेल्या औषधाने मूल व्यसनी होण्याची भीती फार थोडी. दिले नाही तर काय होते ते तुम्ही रोज पाहता. चहाच्या वेळी आम्ही त्या रुग्णालयाची गोष्ट भाचीला सांगितली. ती म्हणाली, "मामा, तेव्हा सगळीकडे असंच होतं." तिने हे समजुतीच्या सुरात म्हटले. आम्हांला ती समजूत पटली नाही.

दुसरा दिवस बोलण्याचा होता. वाईट बातमी कशी सांगावी याच्या सहा पायऱ्या आहेत: बसावयास निवांत जागा, समोरच्याला काय ठाऊक आहे ते विचारणे, किती जाणून घ्यावयाचे आहे ते विचारणे, मग थोड्या शब्दांत सांगणे, त्याच्या भावनेला वाट देणे, आणि उठण्यापूर्वी पुढे काय करावयाचे ते ठरविणे. पायऱ्या ऐकताना सोप्या वाटतात. मग तीन खुर्च्या मांडल्या गेल्या. भोवती कोंडाळे बसले. लटके आईवडील आणि आम्ही एका बाजूस. दुसऱ्या बाजूस एक निवासी डॉक्टर आणि तीच झाबुआची परिचारिका. वय चोवीस-पंचवीस असेल.

निवासी डॉक्टर हुशार होता, पण घाबरून भरभर बोलत सुटला. पेशींचे आकडे सांगू लागला. आम्ही ठरल्याप्रमाणे खुर्चीचा हात आपटला आणि म्हणालो, "उसको कुछ नहीं बताना है. बच्चा है, वो क्या समझता है." आवाज आमचा होता, वाक्य मात्र आमच्या वडिलांचे होते. "लहान आहे तो, त्याला काय कळतंय," असे अण्णा म्हणाले होते. ते आमच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत आम्हांला त्याची जाणीव नव्हती.

डॉक्टर गप्प झाला. परिचारिकेने खुर्ची थोडी पुढे घेतली. आमचे म्हणणे तिने खोडले नाही. तिने विचारले, "दादाजी, उसने आपसे कभी कुछ पूछा है?"

संवाद पाठ करावयाचे नव्हते, पण 'नाही' म्हणणे सोपे होते. भूमिकेत तेच बसत होते. आम्ही म्हणालो, "हाँ." तिने काही विचारले नाही; नुसती बसून राहिली. आदल्या दिवशी त्यांना शिकविले होते, की शांततेत घाईने शब्द भरू नयेत. शिकविलेले इतक्या लवकर अंगी बाणते यावर शासकीय अनुभवाने आमचा विश्वास नव्हता. शेवटी आम्हीच बोललो, "पूछा था, अगले साल की झाँकी मैं देखूँगा क्या." ती म्हणाली, "फिर?" "मैं उठकर चला गया." ती पुन्हा थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "उसके बाद उसने फिर कभी पूछा?"

"नहीं," आम्ही म्हणालो. "फिर कभी नहीं."

कोंडाळ्यातील एकाने टाळी वाजविली आणि लगेच थांबविली. प्रशिक्षिकांनी पाच मिनिटे विश्रांती जाहीर केली. परिचारिका उठली नाही. तिने पाण्याचा पेला पुढे केला नाही, 'सँभालिये' म्हणाली नाही. दोन्ही गोष्टी न केल्याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत.

आमचा धाकटा भाऊ १९७१ साली गेला. तो सात वर्षांचा होता, आम्ही अकरा. उन्हाळ्यात ताप, मग अंगावर निळे डाग, मग मुंबईची खेप. तेथून परत आल्यावर घरात 'अशक्तपणा' हा एकच शब्द उरला. रक्ताच्या कर्करोगाचा मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा प्रकार आज योग्य उपचारांनी बहुतेकांत बरा होतो. तेव्हा नव्हता होत. अनंतचतुर्दशीला आम्ही अण्णांबरोबर झांक्या पाहावयास गेलो. गिरण्यांच्या त्या रात्रभर चालणाऱ्या मिरवणुका जुन्या इंदूरकरांना आठवत असतीलच. पहाटे परत आलो तर धाकटा जागा होता. हुकुमचंद मिलने काय केले, मालवा मिलने काय केले, हे त्याने एकेक करून विचारले. मग म्हणाला, "दादा, पुढच्या वर्षी मी असेन का रे?" आम्ही पाणी पिण्याचे निमित्त करून उठलो.

दोन दिवसांनी त्याने आपली गोट्यांची पिशवी आमच्याकडे दिली. "तुझ्याकडे ठेव," म्हणाला. आम्ही म्हणालो, "बरा झालास की परत घे." तो म्हणाला, "बरं." दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी तो गेला. मधल्या काळात तो कोणालाही काही विचारीत नसे, आणि आई शेजारणींना सांगे, की पोर किती शहाणे आहे.

मायरा ब्लूबाँड-लँग्नर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनी रुग्णालयातील रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांमध्ये राहून पाहिले. त्यांचे पुस्तक १९७८ मध्ये आले. तीन-चार वर्षांच्या मुलांपासून नऊ वर्षांच्या मुलांपर्यंत बहुतेकांना आपण मरणार हे कळलेले असते, आणि आईवडिलांना ते सोसणार नाही हेही कळलेले असते, असे त्यांना आढळले. म्हणून मुले न कळल्याचे नाटक करतात, मोठी माणसेही करतात, आणि दोन्ही बाजू ते निष्ठेने पार पाडतात. स्वीडनमध्ये कर्करोगाने मूल गमावलेल्या आईवडिलांना विचारून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास त्या दिवशी सांगितला गेला. मुलाशी मृत्यूविषयी बोललेले १४७ जण होते; त्यांपैकी एकालाही बोलल्याचा पश्चात्ताप नव्हता. न बोललेले २५८. त्यांपैकी ६९ जणांना न बोलल्याचा होता. उरलेल्या १८९ जणांचे आम्ही लगेच मनात गणित केले. प्रत्येकाने बोललेच पाहिजे असे हे आकडे सांगत नाहीत, आणि प्रशिक्षिकांनीही तसे सांगितले नाही. मुलाने विचारले तर उठून जाऊ नये; 'तुला काय वाटते?' असे उलट विचारावे. त्याने विचारले तेवढ्याचेच, त्याला समजेल अशा शब्दांत उत्तर द्यावे. आणि ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावे. इतकेच.

आमच्या मनात एक शंका होती, ती आम्ही बोलून दाखविली. हे सारे विलायती नव्हे काय? आपल्या घरांतून असे कोण बोलते? विचारता विचारताच तिचे उत्तर आम्हांला सापडले. आमची आई त्या वर्षी चातुर्मासात पुराणाला जात असे, आणि आम्हां मुलांना नचिकेत्याची गोष्ट तिनेच सांगितली होती. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी बसून, मेल्यानंतर माणूस असतो की नसतो हे विचारणारे ते पोर. यमाने त्याला हत्ती-घोडे देऊ केले, राज्य देऊ केले, पण प्रश्न सोडविला नाही आणि शेवटी उत्तर दिले. ही गोष्ट सांगणाऱ्या बाईला आपल्या मुलाच्या उशाशी बसून ती आठवली नसेल असे आम्हांला वाटत नाही. तेथे ती सांगता येते, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

शेवटचा तास भावंडांचा होता. आजारी मुलाच्या भावाबहिणींकडे कोणाचे लक्ष नसते; त्यांना काकाकडे, मावशीकडे धाडून देतात; आपल्यामुळेच काही झाले अशी अढी त्यांच्या मनात बसू शकते. त्यांना वयाप्रमाणे खरे सांगावे, आजारी भावाचे काही छोटे काम त्यांच्याकडे द्यावे, शाळेतील एका शिक्षकाला कल्पना द्यावी. फळ्यावर हे लिहिले जात असताना आम्ही शिपायासारखे उभे राहून ऐकत होतो. बसावयाचे सुचले नाही. इतक्या वर्षांत आपणही त्या आजाराच्या यादीत कोठे तरी आहोत, हे प्रथमच कळत होते.

एक तक्रार मात्र नोंदवितो. दोन दिवस फार थोडे. आणि ज्या परिचारिका इतके शिकून गेल्या, त्यांची पुढच्या चार-सहा महिन्यांत डोळ्यांच्या किंवा हाडांच्या वॉर्डात बदली होणार नाही, याची हमी कोणी देत नाही. बदलीचे आदेश कसे निघतात ते आम्ही जाणतो. त्या नमुन्यातही 'ही बाई काय शिकली आहे' असा रकाना नसतो.

संध्याकाळी भाचीने आम्हांला गाडीतून घरी न सोडता तिच्या आईकडे, म्हणजे आमच्या बहिणीकडे, सुदामानगरात नेले. वाटेत ती एवढेच म्हणाली, "मामा, तो आजोबा नव्हता ना बोलत?" तिला आपल्या आईचा एक भाऊ लहानपणी वारला एवढेच माहीत होते, कशाने, ते नव्हते. बहीण त्या वेळी साडेतीन वर्षांची होती. दुखणे वाढले तेव्हा तिला उज्जैनला मावशीकडे ठेवले होते. आम्ही तिला झांकीचे सांगितले, गोट्यांचे सांगितले. त्रेपन्न वर्षांत हे कोणालाच सांगितले नव्हते. आमच्या पत्नीलाही नाही.

बहीण बराच वेळ पापडाच्या डब्याचे झाकण लावीत-काढीत होती. मग म्हणाली, "मला सांगितलं होतं, तो मुंबईला शिकायला गेलाय. मी पाचवीत जाईपर्यंत वाट पाहिली रे, दादा. दर सुट्टीत वाटायचं, येईल."

"मग कळलं कसं? कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. माझं मलाच कळलं." थोडे थांबून तिने विचारले, "त्या गोट्यांचं काय झालं?"

आम्हांला ठाऊक नव्हते. अण्णांनी घर बदलले तेव्हा पिशवी होती, त्यानंतरचे आठवत नाही. ठाऊक नाही, असेच तिला सांगितले.

आता पुन्हा असे प्रशिक्षण ठरते आहे, आणि भाचीने आजोबांना आमंत्रण दिले आहे. या खेपेस कुटुंबात एक आजीही हवी आहे. बहिणीने अजून होकार दिलेला नाही. परवा मात्र तिने फोन करून विचारले, की सगळे हिंदीतच बोलावे लागते की मध्ये मराठी आले तर चालते.